अण्णांच्या गाडीची डावी बाजू

आजचा विषय रोजच्या बोलण्याचा आहे. खरं बोलावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि कुणाचं मन दुखवू नये हेही शिकवलेलं असतं. ही दोन्ही कामं एकाच वाक्यात कशी करायची, ते मात्र कुणी शिकवत नाही. मी ३२ वर्षं फौजेत काढली, आता दिल्लीत द्वारकेला राहतो, आणि वयाच्या ६६ व्या वर्षीही हे मला नीट जमतं असं म्हणणार नाही. कुठं चुकलो आणि कुठं थोडंफार जमलं, तेवढं सांगतो.

आमची सोसायटी द्वारकेतल्या शेकडो सोसायट्यांसारखीच आहे. नऊ मजली इमारती, गेटवर रजिस्टर, पाण्याच्या टँकरवरून भांडणं आणि खाली बेसमेंटमध्ये गाड्या. आमच्याच जिन्यात एक गृहस्थ राहतात, वय ७८. मूळचे नागपूरकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, दिल्लीत चाळीसेक वर्षं झाली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. आजचा किस्सा त्यांच्या परवानगीनं सांगतोय. म्हणाले, "सांगा, पण माझी गाडी छोटी आहे असं सांगू नका."

गेल्या वर्षी अण्णांची गाडी बेसमेंटमधल्या खांबाला लागली. महिन्याभरात पुन्हा लागली, या वेळी शेजारच्या उभ्या गाडीला. माणसाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलेल्या गाडीचे चार फोटो आले. खाली हिंदीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा, की काही ज्येष्ठ सदस्यांनी आपलं वय ओळखावं, मुलं खाली खेळतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? नाव लिहिलं नव्हतं, पण फोटोत गाडीचा नंबर स्पष्ट दिसत होता. त्याच्याखाली अकरा जणांनी अंगठा दाखवला. मी अंगठा दाखवला नाही आणि काही लिहिलंही नाही.

त्या मजकुरात खोटं काय होतं? काहीच नाही. मुलं खरंच खेळतात, धोका खरा होता. तरी तो वाचून अण्णा चार दिवस फिरायला आले नाहीत. आणि बागेत जे आम्ही सहा-सात जण रोज त्यांच्याशी गोड बोलत होतो, "काय अण्णा, तब्येत ठणठणीत!" म्हणत होतो, त्यांच्यातल्या एकानंही त्यांना गाडीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. फोटो टाकणाऱ्याला आम्ही उद्धट म्हणालो. पण तो निदान बोलला. आम्ही काय केलं होतं?

दिल्लीत पेट्रोल गाडी १५ वर्षांची झाली की तिच्याबद्दल कोर्टात वाद होतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. ७८ वर्षांच्या माणसाला "गाडी चालवू नका" म्हणायचं कुणी, याला कोर्ट नाही. ते शेजाऱ्यानं, नाहीतर मुलानं म्हणायचं.

आता आपल्या मराठी माणसांबद्दल थोडं. दिल्लीत राहून आपलं बोलणं बाहेरून ऐकू यायला लागतं. इथं काम होणार नसेल तर "देखते हैं" म्हणतात, अजिबातच होणार नसेल तर "हो जाएगा, सर" म्हणतात. पहिली दोन वर्षं मी त्यावर विश्वास ठेवून नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत घरी बसायचो. आपल्याकडे नळवाला "नाही जमणार" म्हणून मोकळा होतो. आपल्याला ते बरं वाटतं, दिल्लीकराला तो अपमान वाटतो. माझी एक पंजाबी शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली होती, "तुम लोग ना बोलते हो तो दरवाज़ा बंद होने की आवाज़ आती है।" आम्ही हसलो, पण मला ते लागलं.

आपल्या भाषेत या बाबतीत शब्दांची चंगळ आहे. फटकळ, परखड, तोंडाळ, स्पष्टवक्ता हे सगळे एकाच गल्लीत राहतात, पण त्यांची घरं वेगळी. दुसऱ्या बाजूला गोडबोल्या, तोंडपुजा, गुळचट. आणि एक वाक्य तर आपलं राष्ट्रगीत असल्यासारखं आहे: "मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका." नीट बघा, या वाक्यात बोलणारा आपल्या बोलण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो. मी मारणार, तुम्ही लागून घेऊ नका. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणणारेही आपणच आणि खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो म्हणणारेही आपणच. दोन्ही म्हणी एकाच घरात सुखानं नांदतात, कारण एक सणाला वापरायची असते आणि दुसरी भांडणात.

पण आपल्याकडे एक शब्द असा आहे की तो मी दिल्लीत आल्यावर जास्त वापरायला लागलो. "आपण". "तुम्ही डॉक्टरांकडे जा" आणि "आपण डॉक्टरांकडे जाऊ" यात जे अंतर आहे ते हिंदीत "हम"नं भरत नाही, कारण हिंदीतल्या "हम"मध्ये समोरचा आहे की नाही ते कळत नाही. मराठीत "आम्ही" वेगळं, "आपण" वेगळं. "आपण" म्हटलं की समोरचा माणूस त्यात आलाच. त्याचा गैरवापरही होतो, दवाखान्यात "आज आपण इंजेक्शन घेणार आहोत" म्हणतात आणि सुई फक्त एकालाच टोचते. तर "आपण" म्हणायचं असेल तर खरंच बरोबर जावं लागतं. यावर शेवटी येतो.

फौजेबद्दल लोकांची समजूत अशी, की तिथं सगळे तोंडावर खरं बोलतात. ते अर्धं खरं आहे. सैनिक संमेलन नावाची एक चांगली रीत आहे. सगळी पलटण एकत्र बसते, कमांडिंग ऑफिसर समोर असतो, आणि जवान उभा राहून आपली अडचण थेट मांडू शकतो. मी असं संमेलन घ्यायचो तेव्हा अर्धा तास कुणी हलायचं नाही. मग एखादा उठून म्हणायचा, "साहब, लंगर की दाल पतली है," आणि सगळे हसायचे. डाळ पातळ हे खरंच होतं. पण ज्याची रजा अडकली होती, ज्याच्या घरी जमिनीचा खटला होता, तो गप्प बसायचा. पाचशे माणसांसमोर माणूस डाळीबद्दलच बोलणार. बाकीचं कळायचं ते रात्री पहाऱ्याच्या फेरीत, एका जवानाजवळ दहा मिनिटं नुसतं उभं राहिल्यावर. त्यातून मला एवढं समजलं, की खरं बाहेर यायला हिमतीइतकीच जागाही लागते.

गोड खोटंही फौजेत चालतं. अधिकाऱ्यांचा वार्षिक गोपनीय अहवाल असतो, १ ते ९ असे आकडे द्यायचे असतात आणि शब्दांत वर्णन लिहायचं असतं. पहिल्या वरिष्ठानं काय लिहिलं ते त्या अधिकाऱ्याला दाखवायचं असतं. इथंच सगळ्यांचा हात आखडतो. समोर बसलेल्या माणसाला ६ कसे द्यायचे? मग सगळे ८ आणि ९ होतात. माझ्या हाताखाली एक कॅप्टन होता. हुशार, धावायला पहिला, पण सुभेदारांचं ऐकून घ्यायचा नाही. मी दोन वर्षं त्याला ८ दिले आणि त्या खोडीबद्दल अक्षर लिहिलं नाही. पुढच्या कमांडिंग ऑफिसरनं लिहिलं. तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला हे दिसत होतं का?" मी म्हणालो, दिसत होतं. तो म्हणाला, "मग दोन वर्षं मी काय सुधारणार होतो?" एवढंच बोलला. सॅल्यूट करून गेला.

हे त्याचं नुकसान झालं, पण त्यातून तो सावरला. मी केलेलं दुसरं एक नुकसान भरून निघणारं नव्हतं. ते जरा सविस्तर सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेजर होतो आणि रजेवर पुण्यात आलो होतो. पलटण जम्मूच्या पुढे डोंगराळ भागात होती. रात्री फोन आला. आमचा एक जवान सातारा जिल्ह्यातला होता, त्याची गाडी दरीत गेली होती, तो वारला होता. आमचे सीओ म्हणाले, "तू जवळ आहेस. पार्थिव पोचायच्या आत घरी जाऊन भेट." आणखी एक वाक्य ते बोलले, ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. म्हणाले, "दोन तास शुद्धीत होता. डॉक्टर खाली उतरेपर्यंत बोलत होता."

सातारा जिल्ह्यात फौजी घर नसेल असं गाव शोधावं लागतं. त्या गावात गेलो तेव्हा माझ्या युनिफॉर्मकडे बघूनच बायका दारातून आत गेल्या. मुलाचे वडील अंगणात होते. मी त्यांना आबा म्हणालो, कारण त्या मुलाच्या तोंडी तोच शब्द ऐकला होता. मृत्यूची बातमी देताना काय करायचं हे फौजेत सांगितलेलं असतं: उभ्यानं देऊ नका, आडवळणानं देऊ नका, मेला हा शब्द चुकवू नका. ते मी नीट केलं. मग आबांनी विचारलं, "लई हाल झाले का, सायेब?"

मी म्हणालो, "नाही आबा. जागच्या जागी गेला. काही कळलंही नसेल त्याला."

मला त्या वेळी वाटलं, मी चांगलं केलं. दोन तासांच्या वेदना एका बापाच्या डोक्यात कशाला घालायच्या? आजही कुणी मला विचारलं की त्या क्षणी दुसरं काय बोलणार होतास, तर पटकन उत्तर सुचत नाही. पण एक गोष्ट मी केली नाही, ती तुम्हाला सांगतो. मुलगा दोन तास काय बोलत होता, हे मी सीओंना कधी विचारलंच नाही. सांगायचं नाही असं ठरवल्यावर विचारायची गरजच उरली नाही.

वर्षभरानं त्या जवानाचा जोडीदार, ज्याला फौजेत बडी म्हणतात, तो सुट्टीवर आला आणि आबांना भेटायला गेला. तो दरीत त्याच्याजवळ होता. बोलता बोलता म्हणाला, "विहिरीचं कुठवर आलं?" त्या दोन तासांत मुलगा सारखं तेच म्हणत होता. आबांना सांगा, विहिरीचं काम थांबवू नका, पैसे मी पाठवलेत, अर्धवट ठेवू नका. बडीला वाटलं होतं, मेजरसाहेबांनी निरोप दिला असेल. आबांनी काय केलं होतं? मुलगा गेल्यावर काम थांबवलं होतं. कुणासाठी खणायची, म्हणून. अर्धा खड्डा तसाच पडला होता, मनीऑर्डरचे पैसे दुसरीकडे गेले होते.

मला आंतरदेशीय पत्र आलं. शाळेतल्या कुठल्यातरी पोराकडून लिहून घेतलेलं, अक्षर गोल. त्यात राग नव्हता. तुम्ही भल्यासाठीच बोलला असाल, असं होतं. पण सवड होईल तेव्हा एकदा येऊन सगळं सांगा, असं होतं.

पुढच्या रजेत मी गेलो. त्याआधी सीओंना, डॉक्टरांना, बडीला, सगळ्यांना विचारून घेतलं. अंगणात बसून आबांना पहिल्यापासून सांगितलं. गाडी कुठं घसरली, कोण आधी उतरलं, पाणी किती वेळा मागितलं, काय काय बोलला. दुखत होतं हेही सांगितलं. तास गेला असेल. आबा मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सायेब, त्याचे दोन तास तुमच्याकडं व्हते. वरीसभर तुमच्याकडंच ऱ्हायले."

मी या वाक्यापुढे आजवर गेलेलो नाही.

यावर लोक म्हणतात, मग काय, पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकायचं? नाही. पहिल्या दिवशी आबांना ते पेललं नसतं. मी असं म्हणू शकलो असतो: "आबा, थोडा वेळ शुद्धीत होता. काय बोलला ते मी विचारून येतो आणि तुम्हाला सांगतो." यात खोटं नाही आणि सगळा भारही एकदम टाकलेला नाही. पण यात एक अडचण आहे, परत जावं लागतं. खोटं बोललं की सुटका होते. मी जागच्या जागी गेला असं सांगून माझी सुटका करून घेतली होती आणि त्याला मी आबांवरची दया म्हणत होतो.

तसंच ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याचं. त्यानंही खरं बोलून स्वतःची सुटका करून घेतली. बोललो, आता माझं काम संपलं. दोघांनीही किंमत दुसऱ्याला भरायला लावली.

हा किंमत कोण भरतो याचा विचार माझ्या डोक्यात वडिलांमुळे आला. ते शाळामास्तर होते आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचे भक्त. गोखले म्हणजे नेमस्त, मऊ बोलणारे, असं आपण शाळेत शिकतो. पण १८९७ सालचं प्रकरण फारसं सांगितलं जात नाही. पुण्यात प्लेग होता. तपासणीसाठी गोरे सैनिक घराघरांत शिरत होते आणि लोक भयंकर चिडले होते. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते, वय अवघं ३१. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यांत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या होत्या. गोखल्यांनी त्या तिथं जाहीर मांडल्या, 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये छापून आल्या. खळबळ उडाली. मुंबई सरकारनं पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांच्या लक्षात आलं, की त्या आरोपांचा पुरावा आपण उभा करू शकत नाही. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत आणि ऑगस्टमध्ये गव्हर्नरची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची छी-थू झाली. भित्रे म्हणाले, शरणागत म्हणाले. सैनिकांच्या वागण्याबद्दल लोकांच्या तक्रारी काही हवेतून आलेल्या नव्हत्या, त्यामुळे माफी इतकी पूर्ण मागायला हवी होती का, यावर आजही वाद घालता येतो. मी सैनिक असूनही घालतो. वडील मात्र म्हणायचे, "बाकी सोड. तीन वाटा होत्या. मित्रांची नावं सांगून सुटायचं, खोटा पुरावा उभा करायचा, नाहीतर गप्प बसून विषय थंड होऊ द्यायचा. तिन्हीत दुसरं कुणीतरी भरडलं असतं." मला गोखल्यांची चूकही उपयोगी वाटते. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत त्यांनी घाईनं फरक केला नाही. आपण व्हॉट्सॲपवर रोज करत नाही.

वडिलांचं दुसरं आवडतं ठिकाण म्हणजे गीतेचा १७ वा अध्याय, जिथं बोलण्याच्या तपाबद्दल सांगितलंय. बोलणं उद्वेग न आणणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, अशा चार अटी. मी लहानपणी विचारलं होतं, यातलं नेमकं कुठलं धरायचं? ते म्हणाले, चारही एकदम. मी म्हणालो, ते कसं जमेल? ते म्हणाले, "जमलं असतं तर त्याला तप कशाला म्हटलं असतं?" आणि मला गणितं सोडवायला बसवलं.

आता अण्णांकडे येऊ.

फोटोंच्या प्रकरणानंतर मी ठरवलं की आपण बोलायचं. पहिला प्रयत्न फसला. बागेत चालताना म्हणालो, "अण्णा, दिल्लीचं ट्रॅफिक आता चालवण्यासारखं राहिलं नाही. मी तर ड्रायव्हर ठेवायचा विचार करतोय." अण्णा म्हणाले, "ठेवा, ठेवा, तुमचं वय झालंय." आणि दोन पावलं पुढे गेले. हा आपला ठरलेला सभ्य प्रकार, बाण एकीकडे सोडायचा आणि लागेल दुसरीकडे अशी आशा करायची. समोरच्याला कळलं नाही तर आपण प्रयत्न केल्याचं समाधान, कळलं तर त्याला वाटतं, हा आपल्याला लहान मुलासारखं खेळवतोय.

मग मी फौजेतली जुनी सवय वापरली. परिस्थितीचा अहवाल लिहिताना आम्हाला शिकवलेलं असतं: जे डोळ्यांनी पाहिलं ते आधी आणि स्वतंत्र, मत नंतर, विचारलं तर. मी बेसमेंटमध्ये जाऊन अण्णांच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. जुन्या, नव्या सगळ्या खुणा बघितल्या. पाच होत्या. पाचही डाव्या बाजूला. उजवी बाजू शोरूममधून आल्यासारखी.

त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणला. वहिनी बसल्या होत्या तोवर विषय काढला नाही. नवऱ्याला बायकोसमोर असं काही ऐकवलं की तो आपल्याशी न बोलता तिच्याशी भांडतो. त्या आत गेल्यावर म्हणालो, "अण्णा, एक गोष्ट मला दिसली. तुम्हाला सांगितली नाही तर मला झोप लागणार नाही. गाडीला पाच ठिकाणी लागलंय, पाचही डावीकडे. उजवीकडे एकही नाही."

अण्णा गप्प. मग भडकले. "तुम्हीही त्या ग्रुपवाल्यांतलेच. मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो, कर्नलसाहेब! ४० वर्षं चालवतोय." मी म्हणालो, "वाचता, मी रोज बघतो. म्हणूनच मला कळत नाहीये." एवढं म्हणून मी बसून राहिलो. उठून जावंसं फार वाटत होतं. चहा गार झाला होता, तो प्यालो. दहा मिनिटांनी अण्णा हळूच म्हणाले, "परवा बागेत तुम्ही डावीकडून आलात ते मला दिसलंच नाही. वाटलं, लक्ष नव्हतं."

तिथं मी म्हणालो, "उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ." आणि गेलो. मी गाडी चालवली.

काचबिंदू निघाला. मोतीबिंदू आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो, पडदा येतो, धूसर दिसतं, ऑपरेशन करतात. काचबिंदू चोरपावलांनी येतो. पुष्कळदा दुखत नाही, आधी कडेचं दिसणं जातं आणि समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. त्यामुळे तक्त्यावरची अक्षरं माणूस खडाखडा वाचतो आणि शेजारचा खांब त्याला दिसत नाही. जे गेलं ते परत येत नाही. डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब घालून उरलेलं राखायचं. पंचावन्नीनंतर आपल्याकडे लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, पण मधल्या पाच वर्षांत डोळे काय करतात हे लायसन्सला कळत नाही. डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "आधी का नाही आलात? घरच्यांच्या काही लक्षात आलं नाही?" अण्णा माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीवरच्या चित्राकडे. तो पहिला ओरखडा मी दीड वर्षापूर्वी पाहिला होता. "काय अण्णा, तब्येत ठणठणीत!" म्हणण्यात ते दीड वर्ष गेलं होतं.

गाडी बंद करण्याचं डॉक्टरांनीच सांगितलं. ते ऐकायला मी बाजूला होतो हे बरं झालं, कारण घरी आल्यावर अण्णांना सगळ्यात जास्त राग माझाच आला. आठवडाभर बोलले नाहीत. मी रोज सकाळी त्यांच्या दाराची बेल वाजवून म्हणायचो, "अण्णा, चलायचं?" आतून वहिनी म्हणायच्या, "आज नाही म्हणतात." आठव्या दिवशी बूट घालून दारात उभे होते. "चला" म्हणाले, बाकी काही नाही.

तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याला एवढी गाडीची काय हौस. अण्णांची लेक गुरुग्रामला राहते. दर गुरुवारी ते तिच्याकडे जेवायला जायचे, एकटे, स्वतः चालवत. गाडी म्हणजे तो गुरुवार होता. "गाडी सोडा" म्हणणारा प्रत्येक जण त्यांना "गुरुवार सोडा" म्हणत होता आणि आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. टॅक्सी मागवता येते हे त्यांनाही कळतं. पण लेकीच्या दारात टॅक्सीतून उतरणं त्यांच्या जिवावर यायचं.

म्हणून आता गुरुवार माझा आहे. अण्णांचीच गाडी, मी चालवतो. लेकीकडे मलाही ताट असतं, वऱ्हाडी पद्धतीचं, तिखट. माझ्या बायकोचं म्हणणं, मी तपश्चर्या वगैरे काही करत नाही, जेवायला जातो. तेही खरं आहे.

फोटो टाकणाऱ्या शेजाऱ्याशीही मी बोललो. बेसमेंटमध्ये, एकट्याला गाठून. त्याला सांगितलं, की तुमची काळजी बरोबर होती आणि त्या फोटोंमुळे एक माणूस चार दिवस घरातून बाहेर पडला नाही, या दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात. तो म्हणाला, "अंकल, मुझे लगा सामने बोलूँगा तो बुरा लगेगा।" त्यानं फोटो काढून टाकले. अण्णांकडे अजून गेलेला नाही. लिफ्टमध्ये दोघं मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात.

गेल्या गुरुवारी आम्ही परत येत होतो. पालमच्या उड्डाणपुलावरून उतरताना पुढे एक ई-रिक्षा आली, मी ब्रेक लावला. अण्णा बाजूला बसले होते, हात डॅशबोर्डवर टेकला होता. थोडा वेळ काही बोलले नाहीत. सोसायटीच्या गेटातून आत आलो, बेसमेंटमध्ये उतरलो, गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "कर्नलसाहेब, मला एक गोष्ट दिसली. तुम्ही ब्रेक उशिरा लावता. आज दोनदा, मागच्या गुरुवारी एकदा."

मी विचारलं, "हे किती दिवस मनात ठेवलं होतं?"

"तीन महिने," अण्णा म्हणाले. "पण तुम्ही चालवत असताना कसं सांगायचं?"